चार मुलाखती

प्रस्तावना

नोकरीसाठी मुलाखत देण्याचा प्रसंग बहुतेकांच्या आयुष्यात कधी ना कधी येतोच. अनेक वर्षांचे शिक्षण, घेतलेले कष्ट आणि मनाशी बाळगलेल्या आशा यांचा निर्णय अवघ्या अर्ध्या तासात, अनोळखी माणसांसमोर व्हायचा असतो. म्हणूनच मुलाखतीचे बोलावणे आले की आनंदाबरोबर धाकधूकही वाटते.

वकिलाच्या बाबतीत या प्रसंगाला आणखी एक अर्थ आहे. दुसऱ्याची बाजू मांडणे हेच ज्याचे काम, त्याला येथे सर्वप्रथम स्वतःची बाजू मांडावी लागते. परंतु ऐकणाऱ्याने निकाल आधीच ठरवून ठेवला असेल तर उमेदवाराने काय करावे? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातील पहिल्या महिला न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर (१९३०–२०२३) यांच्यापुढे हा प्रश्न वयाच्या बाविसाव्या वर्षी उभा राहिला. त्यांच्या आयुष्यातील चार मुलाखतींची हकिकत या पाठात आपण वाचणार आहोत. त्या आधारे वकिलांच्या कार्यालयातील मुलाखतीचे स्वरूप आणि तेथील भाषा यांचाही विचार करणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला –
• सँड्रा डे ओकॉनर यांच्या जीवनातील महत्त्वाचे टप्पे सांगता येतील;
• योग्य आणि अयोग्य मुलाखत यांतील फरक स्पष्ट करता येईल;
• मुलाखतीत नम्रपणे नकार देणे, अडचणीवर उपाय सुचवणे आणि न आलेल्या उत्तराची कबुली देणे यांसाठी उचित भाषा वापरता येईल;
• प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष कथन यांतील भेद ओळखता येईल.

मूळ पाठ

१. कुरणातून विधी महाविद्यालयात

सँड्रा डे यांचा जन्म २६ मार्च १९३० रोजी टेक्सास राज्यातील एल पासो या शहरी झाला. त्यांच्या आईवडिलांचे ‘लेझी बी’ नावाचे गुरांचे विस्तीर्ण कुरण ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको या दोन राज्यांच्या सीमेवर होते. मुलूख कोरडा, वाळवंटी. शेजार कित्येक मैल दूर. सँड्रा सात वर्षांच्या होईपर्यंत घरात ना वीज होती, ना नळाचे पाणी. जवळपास शाळेची सोय नसल्यामुळे त्यांना आजीकडे एल पासोला राहून शिकावे लागले. सुट्टी लागली की त्या कुरणावर परतत. घोड्यावर बसणे, बंदूक चालवणे, मोटार हाकणे ही कामे त्या लहानपणीच शिकल्या.

त्यांनी स्वतः सांगितलेला एक प्रसंग उद्बोधक आहे. किशोरवयात एकदा त्या दूर रानात गुरे वळणाऱ्या माणसांसाठी जेवण घेऊन एकट्याच ट्रकने निघाल्या. वाटेत चाकातील हवा गेली. मदतीला कोणीही नव्हते. गंजलेल्या चक्क्या मोठ्या कष्टाने सैल करून त्यांनी चाक बदलले आणि जेवण पोहोचवले. मात्र बराच उशीर झाला होता. आपले कौतुक होईल, ही त्यांची अपेक्षा फोल ठरली. वडिलांनी एवढेच सुचवले की, वाटेत काहीही घडू शकते हे लक्षात घेऊन आणखी लवकर निघायला हवे होते. सबब खरी असली तरी उपाशी माणसाचे पोट तिने भरत नाही, हा धडा त्यांच्या मनावर कायमचा कोरला गेला.

सोळाव्या वर्षी त्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात प्रवेश घेतला. १९५० साली अर्थशास्त्राची आणि १९५२ साली कायद्याची अशा दोन्ही पदव्या त्यांनी सहा वर्षांत मिळवल्या. वर्गातील अग्रगण्य विद्यार्थ्यांत त्यांची गणना होती. विद्यापीठाच्या विधिविषयक नियतकालिकाच्या संपादक मंडळातही त्या होत्या. अमेरिकेत वकिलांच्या मोठ्या कार्यालयांत प्रवेश मिळवायचा तर याच गोष्टी पाहिल्या जात. त्यामुळे नोकरीची चिंता करण्याचे त्यांना काही कारण दिसत नव्हते.

पाठगत प्रश्न १
(अ) वडिलांच्या बोलण्यातून सँड्रा यांनी कोणता धडा घेतला?
(आ) नोकरीसाठी उपयोगी पडणाऱ्या त्यांच्या कोणत्या दोन गोष्टींचा येथे उल्लेख आहे?

२. पहिली मुलाखत : टंकलेखनाचा प्रश्न

विधी महाविद्यालयातील सूचनाफलकावर कॅलिफोर्नियातील वकील-संस्थांच्या जाहिराती लागलेल्या असत. स्टॅनफर्डच्या पदवीधरांनी संपर्क साधावा, असे त्यांत लिहिलेले असे. सँड्रा यांनी अशा किमान चाळीस ठिकाणी दूरध्वनी केले. एकाही संस्थेने त्यांना मुलाखतीस बोलावले नाही. कारण सरळ होते : त्या स्त्री होत्या. कोणी त्यांचे गुण पाहिले नाहीत, कोणी त्यांचे लेखन वाचले नाही. प्रश्न विचारण्याची वेळच आली नाही. मग उत्तर चुकण्याचा संभव तरी कोठून असणार?

अखेर एका मैत्रिणीच्या ओळखीने एक दार किलकिले झाले. मैत्रिणीचे वडील लॉस एंजेलिसमधील एका मोठ्या वकील-संस्थेत भागीदार होते. त्यांच्या शब्दावरून सँड्रा यांना त्या संस्थेत मुलाखत मिळाली. समोर बसलेल्या ज्येष्ठ वकिलांनी त्यांच्या शैक्षणिक कामगिरीची प्रशंसा केली. मात्र संस्थेने आजवर कोणत्याही स्त्रीला वकील म्हणून नेमलेले नाही आणि अशिलांना ते चालणारही नाही, असे त्यांनी सांगितले. त्यानंतर त्यांनी विचारले, की तुम्हांला टंकलेखन कितपत येते? ते चांगले येत असेल, तर कार्यालयात सचिवाची जागा पाहता येईल, असे त्यांचे म्हणणे होते.

बोलणे सौजन्याने झाले, आवाज कोणीही चढवला नाही. तरीही सहा वर्षांच्या विद्येचे मोल त्या एका प्रश्नाने ठरवून टाकले. सचिवाचे काम हलके असते असे नाही. कोणतेही प्रामाणिक काम हलके नसते. परंतु वकिलीची पात्रता असलेल्या माणसाला केवळ स्त्री म्हणून दुसऱ्या कामाकडे वळवणे, हा त्या कामाचाही सन्मान नव्हे. आपण ज्या कामाच्या शोधात आहोत ते हे नव्हे, असे सँड्रा यांनी शांतपणे सांगितले आणि त्या बाहेर पडल्या.

‘आमच्या अशिलांना चालणार नाही’ हे उत्तर नीट पाहण्याजोगे आहे. त्यात नकार देणारा स्वतः नकार देत नाही. तो दुसऱ्याच्या पसंतीआड उभा राहतो. अशिलांना कोणी विचारले होते का, हा साधा प्रश्न तेथे निघाला नाही. पूर्वग्रह अनेकदा असा दुसऱ्याच्या नावाने बोलतो.

३. दुसरी मुलाखत : एक पत्र आणि एक रिकामा कोपरा

त्याच वर्षी सँड्रा यांचा विवाह जॉन ओकॉनर यांच्याशी व्हायचा होता. जॉन यांचे कायद्याचे शिक्षण अद्याप पूर्ण झालेले नव्हते. घर चालवण्यासाठी दोघांपैकी एकाने कमावणे आवश्यक होते. सॅन मटेओ परगण्याच्या सरकारी वकिलांनी पूर्वी एकदा एका स्त्री वकिलाला नेमले होते, असे सँड्रा यांच्या कानावर आले. एवढा धागा पुरेसा होता. त्या त्यांना जाऊन भेटल्या.

सरकारी वकिलांना त्यांची योग्यता मान्य होती. परंतु नव्या वकिलासाठी मंजूर निधी नव्हता आणि कार्यालयात बसायला जागाही नव्हती. ही भेट येथेच संपली असती. सँड्रा यांनी घरी येऊन एक सविस्तर पत्र लिहिले. आपण कोणती कामे करू शकतो हे त्यांनी त्यात मांडले. निधी उपलब्ध होईपर्यंत विनावेतन काम करण्याची तयारी दाखवली. जागेच्या अडचणीवरही त्यांनी उपाय सुचवला : कार्यालयातील सचिव महिलेच्या खोलीत आणखी एक टेबल मावू शकेल, तिची हरकत नसेल तर तेथे बसता येईल.

त्यांना ती जागा मिळाली. काही महिन्यांनी एक पद रिकामे झाले आणि वेतनही सुरू झाले. ज्या शहरातील कार्यालयाने त्यांना सचिवाच्या टेबलाकडे बोट दाखवले होते, तेथे त्या राहिल्या नाहीत. पण सचिवाच्या शेजारच्या टेबलावर बसून त्या वकील झाल्या.

या प्रसंगातून हुशारी शिकावी, मात्र विनावेतन कामाला आदर्श मानू नये. ज्याच्या घरी दुसरी मिळकत नाही, त्याला असा मार्ग पत्करताच येत नाही. सँड्रा यांना जे मोल मोजावे लागले, ते त्यांच्या बरोबरीच्या पुरुष पदवीधरांना मोजावे लागले नाही, हेही विसरता येत नाही.

पाठगत प्रश्न २
(अ) सरकारी वकिलांनी कोणत्या दोन अडचणी सांगितल्या?
(आ) सँड्रा यांनी त्या अडचणींवर कोणते उपाय सुचवले?
(इ) पहिल्या मुलाखतीतील नकार आणि दुसऱ्या भेटीतील नकार यांत कोणता फरक दिसतो?

४. मधली वर्षे

पती सैन्याच्या विधी विभागात दाखल झाल्यावर सँड्रा त्यांच्याबरोबर जर्मनीत गेल्या आणि फ्रँकफर्ट येथे सैन्याच्या पुरवठा विभागात नागरी वकील म्हणून काम करू लागल्या. १९५७ साली ओकॉनर दांपत्य ॲरिझोनातील फिनिक्स शहरी स्थायिक झाले. तेथेही वकील-संस्थांची दारे बंदच होती. तेव्हा एका सहकाऱ्याबरोबर त्यांनी स्वतःचे छोटे कार्यालय थाटले आणि येतील ते दावे चालवले. पुढे तीन मुलगे लहान असताना सुमारे पाच वर्षे त्या नोकरीपासून दूर राहिल्या. त्या काळातही सार्वजनिक कामाशी असलेला संबंध त्यांनी तुटू दिला नाही.

१९६५ साली त्या राज्याच्या सहायक महाधिवक्ता झाल्या, १९६९ साली ॲरिझोनाच्या सिनेटमध्ये गेल्या. १९७३ साली त्या तेथील बहुमतवाल्या पक्षाच्या नेत्या झाल्या. अमेरिकेतील कोणत्याही राज्याच्या सिनेटमध्ये हे पद मिळवणारी ती पहिली स्त्री होती. १९७५ पासून परगणा न्यायालयात आणि १९७९ पासून राज्याच्या अपील न्यायालयात त्यांनी न्यायदान केले.

५. तिसरी मुलाखत : राष्ट्राध्यक्षांच्या भेटीला

सर्वोच्च न्यायालयात एका स्त्रीची नेमणूक करू, असे आश्वासन रोनाल्ड रेगन यांनी १९८० च्या निवडणुकीत दिले होते. जून १९८१ मध्ये न्यायमूर्ती पॉटर स्टुअर्ट यांनी निवृत्ती जाहीर केली. त्याच महिन्यात ओकॉनर यांना वॉशिंग्टनहून देशाचे ॲटर्नी जनरल विल्यम फ्रेंच स्मिथ यांचा दूरध्वनी आला. योगायोग असा, की १९५२ साली ज्या संस्थेने ओकॉनर यांना टंकलेखनाविषयी विचारले होते, त्याच संस्थेत स्मिथ यांनी अनेक वर्षे वकिली केली होती.

न्याय खात्याचे वकील प्रथम फिनिक्सला त्यांच्या घरी जाऊन बोलले. मग जुलैच्या आरंभी राष्ट्राध्यक्षांशी त्यांची भेट झाली. कायद्याबरोबरच घोडे, गुरे आणि कुरणावरील दिवस यांच्याही गोष्टी निघाल्या; रेगन यांचेही एक कुरण होते. या पदासाठी रेगन यांनी दुसऱ्या कोणालाही भेटीस बोलावले नाही. ७ जुलै १९८१ रोजी त्यांनी ओकॉनर यांचे नाव जाहीर केले.

६. चौथी मुलाखत : सिनेटसमोर

नामनियुक्तीला सिनेटची संमती आवश्यक होती. सप्टेंबर १९८१ मध्ये सिनेटच्या न्यायविषयक समितीने तीन दिवस त्यांना प्रश्न विचारले. सर्वोच्च न्यायालयाच्या उमेदवाराची अशी चौकशी दूरचित्रवाणीवरून प्रथमच दाखवली जात होती. एके काळी चाळीस कार्यालयांनी ज्यांना एक प्रश्न विचारण्याचीही तसदी घेतली नाही, त्यांची उत्तरे आता सारा देश ऐकत होता.

काही सदस्यांना गर्भपातासारख्या वादग्रस्त विषयांवर त्या कोणत्या बाजूने निकाल देतील, हे जाणून घ्यायचे होते. वैयक्तिक मतांविषयी त्यांनी काही सांगितले. परंतु पुढे न्यायालयासमोर येऊ शकणाऱ्या खटल्यात आपण काय निर्णय देऊ, हे सांगण्यास त्यांनी नकार दिला. जो न्यायाधीश आधीच शब्द देऊन बसतो, तो पक्षकारांचे म्हणणे मोकळ्या मनाने ऐकू शकत नाही, ही त्यामागील भूमिका होती. उत्तर टाळणे आणि उत्तर न देण्याचे कारण सांगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे दिसून येते.

२१ सप्टेंबर १९८१ रोजी सिनेटने ९९ विरुद्ध ० मतांनी त्यांच्या नेमणुकीस मान्यता दिली. २५ सप्टेंबर रोजी त्यांनी शपथ घेतली. २००६ सालच्या आरंभी त्या निवृत्त झाल्या. १ डिसेंबर २०२३ रोजी वयाच्या ९३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

७. दाराबाहेरून न्यायासनावर

१९५२ साली त्या वकील-संस्थेने जे केले, ते त्या काळी तेथे बेकायदेशीर नव्हते. वंश, वर्ण, धर्म, लिंग आणि राष्ट्रीय मूळ यांवरून नोकरीत भेदभाव करण्यास मनाई करणारा अमेरिकेचा नागरी हक्क कायदा १९६४ साली आला. तरीही वकील-संस्थेत भागीदारी देताना हा कायदा लागू होतो का, हा प्रश्न उरला होता. एलिझाबेथ हिशन या स्त्री वकील १९७२ साली अटलांटा येथील एका मोठ्या संस्थेत रुजू झाल्या होत्या. पुढे भागीदारी नाकारली गेल्यावर त्यांनी न्यायालयात दाद मागितली. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला, की भागीदारीची संधी हा नोकरीच्या अटींचा भाग असेल, तर तेथेही लिंगभेद करता येणार नाही. हा निर्णय देणाऱ्या न्यायमूर्तींमध्ये सँड्रा डे ओकॉनर होत्या.

पाठगत प्रश्न ३
(अ) सिनेटसमोर ओकॉनर यांनी कोणत्या प्रकारच्या प्रश्नांना उत्तर नाकारले? का?
(आ) १९८४ च्या निर्णयाचे महत्त्व दोन वाक्यांत लिहा.

आशयाचा विस्तार

भारतातील वाट

भारतातही स्त्रियांना वकिलीचे दार सहज उघडले नाही. नाशिक येथे १८६६ साली जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८८९ साली ऑक्सफर्डला गेल्या व तेथे त्यांनी कायद्याचा अभ्यास केला. मात्र स्त्री असल्यामुळे मायदेशी त्यांना दीर्घकाळ रीतसर सनद मिळू शकली नाही. पडद्यात राहणाऱ्या स्त्रियांच्या मालमत्तेचे प्रश्न त्या सरकारी सल्लागार म्हणून हाताळत राहिल्या. केवळ स्त्री असल्याच्या कारणावरून वकिलीस अपात्र ठरवता येणार नाही, हा कायदा १९२३ साली झाला, तेव्हा त्यांच्या वयाची पन्नाशी उलटून गेली होती. स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च न्यायालयात पहिली स्त्री न्यायमूर्ती म्हणून फातिमा बीवी यांची नेमणूक १९८९ साली झाली.

आज भारतात वकिली करण्यासाठी कायद्याची मान्यताप्राप्त पदवी आणि अधिवक्ता अधिनियम, १९६१ प्रमाणे राज्याच्या वकील परिषदेच्या पटावर नाव असणे आवश्यक आहे. २००९–१० या शैक्षणिक वर्षापासून पुढे पदवी घेणाऱ्यांना अखिल भारतीय वकील परीक्षाही उत्तीर्ण व्हावी लागते. या अटी स्त्री-पुरुष सर्वांना सारख्याच आहेत.

मुलाखतीत काय पाहिले जाते?

वकिलांच्या कार्यालयात सर्व कायदे तोंडपाठ असणारा उमेदवार शोधत नाहीत; कायदे वाचण्यासाठी पुस्तके आहेत. वस्तुस्थिती नीट समजून घेणे, तिच्यातला नेमका प्रश्न ओळखणे, स्पष्ट लिहिणे, मुदत पाळणे आणि अशिलाचे गुपित राखणे हे गुण तेथे महत्त्वाचे असतात. म्हणून उमेदवाराने पुढील तयारी करावी :
• अर्जात लिहिलेल्या प्रत्येक गोष्टीवर दोन मिनिटे बोलता आले पाहिजे.
• त्या कार्यालयात दिवाणी, फौजदारी, कामगार की कंपनीविषयक कामे चालतात, हे आधी जाणून घ्यावे.
• स्वतः लिहिलेल्या टिपणाचा नमुना सोबत ठेवावा. मात्र त्यात कोणत्याही अशिलाचे नाव वा गोपनीय माहिती असू नये.
• अलीकडे बदललेल्या कायद्यांची माहिती असावी. उदाहरणार्थ, १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू झाला आहे.
• कामाचे स्वरूप, वेतन आणि मार्गदर्शन यांविषयी उमेदवारानेही प्रश्न विचारावेत. मुलाखत दोन्ही बाजूंनी घेतली जाते.

नमुना संवाद

मुलाखतकार : बारावीनंतर तुमच्या शिक्षणात तीन वर्षांचा खंड दिसतो.
उमेदवार : होय, मॅडम. वडील आजारी होते. त्या काळात मी एका दुकानात हिशेब लिहिण्याचे काम केले. नंतर कायद्याला प्रवेश घेतला. खातेवह्या वाचण्याची सवय मला दिवाणी दाव्यांत उपयोगी पडते.
मुलाखतकार : जिल्हा न्यायालयाच्या हुकूमनाम्याविरुद्ध उच्च न्यायालयात अपील करण्याची मुदत किती?
उमेदवार : नव्वद दिवस. निकालाची प्रमाणित प्रत मिळण्यास लागलेला काळ त्यातून वगळला जातो. तरीही अशिलाला तारीख सांगण्यापूर्वी मी मुदतीचा कायदा, १९६३ उघडून पाहीन.
मुलाखतकार : याआधी ज्यांच्याकडे काम केले, त्यांच्या एखाद्या मोठ्या अशिलाविषयी सांगा.
उमेदवार : क्षमा करा, मॅडम. कामाचे स्वरूप सांगू शकेन. अशिलाची माहिती सांगणे उचित होणार नाही. उद्या येथे काम करताना तुमच्या अशिलांबाबतही मी असाच वागेन.
मुलाखतकार : लग्नानंतर काम चालू ठेवणार का?
उमेदवार : मला हे काम दीर्घकाळ करायचे आहे. या जागेसाठी कामाच्या वेळा काय आहेत, ते सांगितलेत तर मी त्याबाबत निश्चित उत्तर देईन.

शेवटचा प्रश्न पुरुष उमेदवाराला सहसा विचारला जात नाही. उमेदवाराने वाद घातला नाही आणि खासगी तपशीलही दिला नाही. बोलणे पुन्हा कामाकडे वळवले. खंडाविषयीच्या उत्तरात लपवाछपवी नाही आणि दयेची याचनाही नाही. मुदतीविषयीच्या उत्तरात ज्ञान आहे, तसेच खात्री करून घेण्याची शिस्तही आहे.

भाषाभ्यास

बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे अवतरणचिन्हांत दिले तर ते प्रत्यक्ष कथन होय. तेच सांगणाऱ्याच्या शब्दांत दिले तर ते अप्रत्यक्ष कथन होय.
प्रत्यक्ष : उमेदवार म्हणाला, “मी कायदा उघडून पाहीन.”
अप्रत्यक्ष : आपण कायदा उघडून पाहू, असे उमेदवार म्हणाला.
न्यायालयीन लेखनात कोणाचे शब्द नेमके दिले आहेत आणि कोणाचा केवळ आशय दिला आहे, हे स्पष्ट असणे अत्यावश्यक असते.

शब्दार्थ

अशील – वकिलाकडे काम सोपवणारी व्यक्ती
सनद – वकिली करण्याचा अधिकृत परवाना
पूर्वग्रह – आधीच करून घेतलेले मत
हुकूमनामा – दिवाणी दाव्यातील न्यायालयाचा औपचारिक निर्णय
किलकिले – किंचित उघडे

आपण काय शिकलात?

• मुलाखतीतील प्रश्न कामाशी संबंधित असावा. उमेदवाराच्या जन्माने ठरलेल्या गोष्टींशी नव्हे.
• खरी अडचण सांगणाऱ्याला उपाय सुचवता येतो. पूर्वग्रहाला मात्र अनेकदा कायद्यानेच उत्तर द्यावे लागते.
• नकार सौजन्याने देता येतो आणि स्वाभिमान राखून ऐकताही येतो.
• माहीत असलेले सांगणे आणि खात्री करून घेणे हे वकिलाचे दोन आवश्यक गुण आहेत.

पाठान्त प्रश्न

१. ‘प्रश्न विचारण्याची वेळच आली नाही, मग उत्तर चुकण्याचा संभव तरी कोठून असणार?’ या विधानाचा आशय स्पष्ट करा.
२. ‘पूर्वग्रह अनेकदा दुसऱ्याच्या नावाने बोलतो.’ तुमच्या परिसरातील उदाहरण देऊन लिहा.
३. विनावेतन काम करण्याच्या सँड्रा यांच्या निर्णयाविषयी तुमचे मत दोन्ही बाजूंचा विचार करून मांडा.
४. तुमच्या शिक्षणात किंवा नोकरीत खंड पडला असल्यास त्याविषयी मुलाखतीत काय सांगाल? पाच-सहा वाक्यांत लिहा.
५. पुढील वाक्याचे अप्रत्यक्ष कथन करा : सँड्रा म्हणाल्या, “मी या कामाच्या शोधात नाही.”

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) सबब खरी असली तरी तिने काम भागत नाही. अडचण गृहीत धरून आधीच तयारी करावी. (आ) वर्गातील अग्रगण्य स्थान आणि विधिविषयक नियतकालिकाच्या संपादक मंडळातील सहभाग.
२. (अ) निधी नसणे आणि जागा नसणे. (आ) निधी मिळेपर्यंत विनावेतन काम करणे आणि सचिवाच्या खोलीत टेबल मांडणे. (इ) पहिला नकार स्त्री असण्यावर आधारलेला होता, म्हणून त्यावर उमेदवाराकडे उपाय नव्हता. दुसरा नकार व्यावहारिक अडचणींमुळे होता, म्हणून त्यावर तोडगा निघाला.
३. (अ) पुढे न्यायालयासमोर येऊ शकणाऱ्या खटल्यांत काय निर्णय देणार, या प्रश्नांना. आधी शब्द दिल्यास मोकळ्या मनाने न्याय करता येत नाही, म्हणून. (आ) भागीदारीची संधी हा नोकरीच्या अटींचा भाग असेल तर वकील-संस्थेला ती देताना लिंगभेद करता येणार नाही, हे या निर्णयाने ठरले. त्यामुळे स्त्री वकिलांना कार्यालयातील वरच्या स्थानांसाठीही कायद्याचे संरक्षण मिळाले.